नवी आवृत्ती आणि जुने करार

सन २०१० च्या नोव्हेंबर महिन्यात ‘फेडोरा’ नावाच्या लिनक्स प्रणालीची चौदावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती आपल्या ६४-बिट संगणकांवर चढविली, त्यांपैकी अनेकांना एक विचित्र अनुभव आला. इंटरनेटवरील चित्रफितींचा आवाज आदल्या आवृत्तीत स्वच्छ ऐकू येत असे; तो आता चिरका आणि तुटक येऊ लागला. ध्वनिक्षेपक ठीक होते, तारा ठीक होत्या, आणि चित्रफिती दाखविणारी ‘फ्लॅश’ ही आज्ञावली तर पूर्वीचीच होती; तिच्यातील एक अक्षरही बदललेले नव्हते. मग बिघडले काय?

शोध घेता दोष एका अगदी साध्या कामात सापडला. संगणकाच्या स्मृतीतील एका जागेची माहिती दुसऱ्या जागी उतरविण्याचे काम जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीला पदोपदी करावे लागते. ते प्रत्येकीने स्वतंत्रपणे करू नये म्हणून ‘मेमकॉपी’ नावाची एक तयार कृती सर्वांसाठी ठेवलेली असते. तिच्या वापराचा एक लेखी नियम आहे : जेथून उचलावयाचे आणि जेथे ठेवावयाचे त्या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या असता कामा नयेत. तशा त्या असतील तर ‘मेममूव्ह’ ही दुसरी, अधिक सावध कृती वापरावी. फ्लॅशच्या कर्त्यांनी हा नियम पाळला नव्हता. परंतु जुनी मेमकॉपी आरंभापासून शेवटाकडे जात असल्यामुळे त्यांची चूक झाकली जात होती.

हा प्रकार वर्गात फळ्यावर करून पाहता येतो. दहा चौकटी आखून त्यांत दहा निरनिराळी अक्षरे लिहावी, आणि तिसऱ्या ते दहाव्या चौकटीतील अक्षरे दोन-दोन घरे डावीकडे, म्हणजे पहिल्या ते आठव्या चौकटीत उतरवावी. डावीकडून सुरुवात केली तर काम बिनचूक होते. उजवीकडून केली तर दहावे अक्षर आठव्या घरात जाते, नववे सातव्यात जाते, आणि आठवे उचलावयास जावे तो त्या घरात दहावे येऊन बसलेले असते! काही नव्या प्रक्रियकांवर उलट दिशेने नक्कल करणे अधिक जलद ठरते, म्हणून नव्या मेमकॉपीने कित्येकदा ती दिशा धरली. नियमाप्रमाणे तिला तो अधिकार होता. फ्लॅशचा ध्वनी मात्र त्या फळ्यावरील अक्षरांप्रमाणे विस्कटला.

यावरून वाद माजला. चूक फ्लॅशची आहे, ती फ्लॅशच्या कर्त्यांनी सुधारावी, असे एका पक्षाचे म्हणणे. लिनक्सचा गाभा लिहिणारे लिनस तोरवाल्ड्स हे स्वतः या वादात उतरले आणि त्यांनी दुसरी बाजू मांडली : सामान्य वापरणाऱ्यास नियमग्रंथाशी कर्तव्य नाही, त्याच्या दृष्टीने काल जे चालत होते ते आज चालेनासे झाले, एवढेच खरे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. फ्लॅशचा कारभार डिसेंबर २०२० अखेर तिच्या कर्त्यांनीच आटोपला, तरी तो प्रश्न जिवंत आहे. कारण लिनक्स प्रणाली ‘अपग्रेड’ करताना आजही जे काही अडते, त्यातील बहुतेकाच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. कोणी कोणाला काय वचन दिले होते?

थर आणि त्यांची वचने

लिनक्स हे वस्तुतः संपूर्ण प्रणालीचे नाव नव्हे. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना तोरवाल्ड्स यांनी १९९१ साली जो गाभा, म्हणजे ‘कर्नेल’, लिहिला त्याचे ते नाव. यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा असा हा सर्वांत खालचा थर. त्याच्यावर सर्व आज्ञावल्यांना लागणाऱ्या सामाईक कृतींचे संग्रह असतात. त्यांनाही ‘लायब्ररी’च म्हणतात, म्हणून ग्रंथालयातील वाचकांचा घोटाळा होऊ नये यासाठी येथे ‘कृतिसंग्रह’ हा शब्द योजला आहे. त्यांच्या वर खिडक्या, चित्रे आणि सूची दाखविणारा मेज-पडदा, आणि शेवटी पत्रलेखनाच्या वा हिशेबाच्या आज्ञावल्या. हे निरनिराळ्या लोकांनी घडविलेले थर गोळा करून, जुळवून, एका संचाच्या रूपाने देणाऱ्या संस्था वेगळ्याच. डेबियन हा असा संच १९९३ मध्ये सुरू झाला, त्यावर आधारलेला उबुंटू २००४ मध्ये आला, आणि आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

अपग्रेड म्हणजे हे सारे थर एकाच बैठकीत बदलणे. चालत्या घराचा पाया, भिंती आणि छप्पर एका दुपारी बदलून संध्याकाळी त्याच घरात स्वयंपाक करावयाचा, असा हा प्रकार. तो बहुधा यशस्वी होतो हेच खरे तर नवल आहे.

मग तो टाळावाच का नाही? जुन्या मोटारीप्रमाणे जुनी प्रणालीही चालू द्यावी, असे अनेकांना वाटते. परंतु प्रत्येक आवृत्तीचा सांभाळ ठराविक काळच केला जातो. उबुंटूच्या दीर्घमुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात आणि त्यांना नेहमीच्या व्यवस्थेत पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर एखादे नवे छिद्र उजेडात आले तर ते बुजविण्यास सहसा कोणी येत नाही. शाळेतील संगणकावर मुलांच्या नोंदी असतात, ग्रंथालयातील संगणकावर सभासदांचे पत्ते असतात. म्हणून हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

आता थरांच्या वचनांकडे वळू. गाभ्याने वरच्या बाजूस, म्हणजे आज्ञावल्यांना, दिलेले वचन फार कडक आहे. काल चालणारी आज्ञावली गाभ्याच्या नव्या आवृत्तीमुळे बंद पडली, तर दोष गाभ्याचा मानावयाचा आणि तो बदल मागे घ्यावयाचा, असा तेथील दंडक आहे. पण हाच गाभा आपल्या आतल्या बाजूस कोणतेच वचन देत नाही. मुद्रक, चित्रपट्टिका, बिनतारी जोडणी यांसारख्या यंत्रभागांना चालविणारे जे ‘ड्रायव्हर’ असतात, त्यांतील बरेच गाभ्याच्या आत बसतात. ते ज्या अंतर्गत खुंट्यांना अडकविलेले असतात, त्या खुंट्या हव्या तेव्हा हलविण्याची मोकळीक गाभ्याच्या कर्त्यांनी मुद्दाम राखून ठेवली आहे. ग्रेग क्रोह-हार्टमन या त्यांच्यातील ज्येष्ठ कर्त्याने या भूमिकेचे समर्थन करणारा एक निबंधच लिहिला असून तो गाभ्याच्या मूळ संहितेबरोबर वाचावयास मिळतो. त्याचा आशय असा की, ड्रायव्हरची संहिता गाभ्याच्या घरातच ठेवली, तर खुंटी हलविणाराच त्याची दोरीही नव्या जागी बांधून देतो.

ज्याने दोरी घराबाहेर ठेवली त्याचे मात्र हाल होतात. एनव्हिडिया या कंपनीच्या चित्रपट्टिकांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. तिचा ड्रायव्हर दीर्घकाळ बंद संहितेचा आणि गाभ्याच्या घराबाहेरचा राहिला. जुन्या पट्टिकांसाठी असलेल्या ३४० या मालिकेचा सांभाळ २०१९ अखेर आणि ३९० या मालिकेचा २०२२ अखेर कंपनीने थांबविला. अशी पट्टिका असलेल्या संगणकावर नवी आवृत्ती चढविली की नव्या गाभ्यात जुना ड्रायव्हर बसत नाही, आणि पडदा काळा राहतो. वापरणाऱ्यास वाटते, यंत्रच गेले. वस्तुतः यंत्र धडधाकट असते. फक्त त्याच्या बाजूने बोलणारा कोणी उरलेला नसतो. ‘नूव्हो’ नावाचा स्वयंसेवकांनी उलट-अभ्यासाने लिहिलेला ड्रायव्हर घराच्या आत आहे. वेगाने तो उणा पडतो, पण पडद्यावर चित्र आणतो, आणि कार्यालयीन कामास तेवढे पुरेसे होते.

घराच्या आतली दोरीसुद्धा अमर नसते. ज्या ३८६ जातीच्या प्रक्रियकावर तोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हा गाभा लिहिला, त्याच प्रक्रियकाचा आधार डिसेंबर २०१२ मध्ये संहितेतून काढून टाकण्यात आला. जन्मस्थानाचा त्याग इतक्या निर्विकारपणे क्वचितच कोणी केला असेल!

पाठ्यपुस्तक आणि मार्गदर्शक

कृतिसंग्रहांची गोष्ट थोडी निराळी आहे. शाळेत पाठ्यपुस्तक असते आणि बाजारात त्याचे मार्गदर्शक मिळते. मार्गदर्शकात ‘पृष्ठ ४७ वरील आकृती पाहा’ असे छापलेले असते. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि ती आकृती पृष्ठ ५२ वर गेली, की मार्गदर्शकात एकही चूक नसताना ते निरुपयोगी ठरते. आज्ञावली आणि कृतिसंग्रह यांचे नाते असेच आहे. म्हणून कृतिसंग्रहाच्या नावापुढे एक अंक लावण्याचा प्रघात पडला : जुन्या संदर्भांना धक्का बसेल असा बदल केला की तो अंक वाढवावयाचा. लिनक्सचा मूळ कृतिसंग्रह १९९७-९८ च्या सुमारास पाचव्या अंकावरून सहाव्यावर गेला. जुलै १९९८ मध्ये निघालेली डेबियन २.० ही या सहाव्या संग्रहावर उभी राहिलेली आवृत्ती. या स्थित्यंतरात दोन्ही संग्रह संगणकावर शेजारी शेजारी ठेवता येत, आणि जुनी आज्ञावली जुन्याकडे, नवी नव्याकडे जाई.

असे घर सोडण्याचे प्रसंग वारंवार आणू नयेत म्हणून पुढे अधिक सूक्ष्म युक्ती निघाली. संपूर्ण संग्रहाऐवजी त्यातील एकेका कृतीलाच आवृत्तीची चिठ्ठी लावावयाची. मेमकॉपीच्या वादाचा निकाल याच युक्तीने लागला. २०११ मध्ये निघालेल्या ‘ग्लिबसी’ संग्रहाच्या २.१४ आवृत्तीत मेमकॉपी दोन चिठ्ठ्यांनिशी ठेवण्यात आली. पूर्वी बांधलेली आज्ञावली जुनी चिठ्ठी दाखविते आणि तिला मेममूव्हसारखी सावध कृती मिळते. नव्याने बांधलेली आज्ञावली नवी चिठ्ठी दाखविते आणि तिला जलद कृती मिळते. नियमही राहिला आणि आवाजही परत आला. तडजोडीचा इतका नीटस नमुना या क्षेत्रात फार वेळा पाहावयास मिळत नाही.

मात्र या चिठ्ठ्या एकाच दिशेने उपयोगी पडतात. जुनी आज्ञावली नव्या संग्रहावर चालते. नवी आज्ञावली जुन्या संग्रहावर चालत नाही. जुन्या प्रणालीवर एखादी ताजी आज्ञावली आणून बसविली की ‘ग्लिबसी २.३४ सापडला नाही’ अशा अर्थाची ओळ उमटते ती यामुळे. अशा वेळी काही उत्साही लोक तेवढाच एक संग्रह कोठून तरी मिळवून जबरदस्तीने बदलतात. हे कदापि करू नये. प्रणालीतील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली त्या संग्रहावर टेकलेली असल्यामुळे यादी दाखविणारी साधी आज्ञासुद्धा मग चालेनाशी होते.

दुसरा मोह याच्या उलट असतो. २०२२ सालच्या उबुंटू २२.०४ मध्ये सांकेतिक दळणवळणाच्या ‘ओपन-एसएसएल’ या संग्रहाची १.१ ही मालिका वगळून तिच्या जागी ३ ही मालिका आली, आणि जुनीवर टेकलेल्या कित्येक आज्ञावल्या सुरू होईनात. लोकांनी जुना संग्रह शोधून परत आणला. काम चालू झाले खरे. पण त्या मालिकेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या. कुलपे बनविणाऱ्या संग्रहाचीच दुरुस्ती थांबलेली असणे यापरते धोक्याचे काय असावे?

वचन पाळण्यालाही किंमत पडते, आणि ती कोणी द्यावी हा प्रश्न जून २०१९ मध्ये उघडपणे पुढे आला. यापुढे ३२-बिट संग्रह ठेवणार नाही, असे उबुंटूच्या चालकांनी जाहीर केले. नवे संगणक ६४-बिट असतात, तेव्हा जुन्याचे ओझे कशाला, हा त्यांचा विचार. परंतु ‘स्टीम’वर मिळणारे असंख्य खेळ आणि विंडोजच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालविणारी ‘वाइन’ ही सोय या ३२-बिट संग्रहांवरच अवलंबून होती. काही जुन्या लेसर मुद्रकांचे ड्रायव्हरही तशाच बांधणीचे होते. ओरड झाली, आणि काही दिवसांतच चालकांनी निवडक संग्रह ठेवण्याचे मान्य केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनने तेराव्या आवृत्तीत याच प्रश्नाला जे उत्तर दिले ते अधिक विचारी वाटते. ३२-बिट संगणक वेळेची मोजणी सेकंदांत ज्या घरात साठवितात, ते घर १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार आहे. डेबियनने त्या आवृत्तीत बहुतेक ३२-बिट यंत्रांसाठी हे घर मोठे केले. पण जुन्या पीसी जातीच्या ३२-बिट संचासाठी मुद्दाम केले नाही. कारण त्या संचाचे आता एकच मुख्य काम उरले आहे, ते म्हणजे जुन्या आज्ञावल्या चालविणे. घर मोठे केले असते तर नेमक्या त्याच बंद पडल्या असत्या. जोडीला, त्या जातीच्या संगणकांसाठी स्वतंत्र गाभा आणि प्रतिष्ठापनाची सोय मात्र डेबियनने बंद केली. तात्पर्य, जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर चालेल, परंतु जुन्या यंत्राने डेबियन १२ वरच थांबावे.

अक्षरे आणि सवयी

मराठी वाचकांना जवळून स्पर्श करणारी एक घटना येथे सांगितली पाहिजे. देवनागरीत जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार योग्य जागी बसविण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाचा कृतिसंग्रह करतो. फेब्रुवारी २०१७ च्या लिबर-ऑफिस ५.३ ने आणि २०१९ च्या ‘पँगो’ १.४४ ने अक्षरजुळणीचे सारे काम त्याच्यावर सोपविले. भारतीय लिप्यांचा त्यात लाभच झाला. पण हार्फबझला ‘टाइप-१’ या जुन्या बांधणीचे टंक हाताळता येत नाहीत. सबब ज्यांचे दस्तऐवज तशा टंकांत होते, त्यांचे टंक अपग्रेडनंतर सूचीतूनच नाहीसे झाले. एकाच बदलाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले.

युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलिखित झालेल्या मराठी कागदपत्रांची अडचण याहून खोल आहे. त्या फायलींत मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांचे संकेतांक असतात, आणि विशिष्ट टंक त्यांना मराठी रूप देतो. नव्या प्रणालीवर तो टंक नसेल तर ग्रंथालयाचा सबंध वार्षिक अहवाल रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येतो. यास्तव टंकाची फाइल जपून ठेवावी, आणि ती चालत आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावा.

वरच्या थराचे, म्हणजे मेज-पडद्याचे, काय? तेथे वचन असे कोणी दिलेलेच नाही. एप्रिल २०११ मध्ये ‘नोम’ या मेज-पडद्याची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा खालची पट्टी गेली, सूची गेली, आणि वर्षानुवर्षांची हाताची सवय मोडली. यंत्राचा काहीही बिघाड नसताना लोक अडले. त्या असंतोषातून अर्जेंटिनातील एका वापरणाऱ्याने जुनी नोम पुढे चालविण्याचे मनावर घेतले आणि तेथील आवडत्या पेयावरून तिला ‘माटे’ हे नाव दिले. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांसाठी ती आजही चांगली निवड आहे. सध्याचे स्थित्यंतर त्याहून मोठे आहे : १९८७ पासून चालत आलेली ‘एक्स-११’ ही चित्रव्यवस्था जाऊन तिच्या जागी ‘वेलँड’ येत आहे. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये नोमचे एक्स-११ वरील सत्र मिळत नाही. जुन्या आज्ञावल्यांसाठी ‘एक्स-वेलँड’ हा दुभाषा आहे. परंतु पडद्याचे चित्र दुसरीकडे पाठविणे किंवा दुसऱ्या आज्ञावलीचा कळफलक चालविणे अशी कामे करणारी जुनी साधने आधी तपासून पाहावी.

तयारी

अशी तपासणी करण्याची सोय लिनक्समध्ये उत्तम आहे. नवी आवृत्ती पेन-ड्राइव्हवर घेऊन, संगणकातील काहीही न बदलता, ती तेथूनच चालवून पाहता येते. पडदा उजळतो काय, ध्वनी येतो काय, बिनतारी जोडणी लागते काय, मुद्रक कागद ओढतो काय, हे अर्ध्या तासात कळते. येथे जे चालले नाही ते अपग्रेडनंतर आपोआप चालेल अशी आशा धरू नये. बिनतारी जोडणी लागली नाही, तर पुष्कळदा कारण एवढेच असते की त्या यंत्रभागाला लागणारा ‘फर्मवेअर’ वेगळ्या विभागात ठेवलेला आहे. डेबियन १२ पासून त्यासाठी स्वतंत्र विभागच केला असून अकरावरून बारावर जाताना तो यादीत हाताने जोडावा लागतो.

डेबियनमध्ये एक पायरी गाळून पुढे उडी मारण्यास आधार नाही. अकरावरून तेरावर जावयाचे तर बारावर थांबूनच जावे. आवृत्तीबरोबर येणारे निवेदन कंटाळवाणे असते, तरी ते वाचावे, कारण कोणते वचन मोडले जाणार याची कबुली तेथेच दिलेली असते. बाहेरच्या भांडारांतून आणलेल्या आज्ञावल्या हे अपग्रेड अडण्याचे नेहमीचे कारण. उबुंटू तर ती भांडारे अपग्रेडच्या वेळी स्वतःच बंद करून टाकतो. ‘बूट’ विभाग लहान असेल तर जुने गाभे साठून तो भरतो आणि काम अर्ध्यावर थांबते. एखाद-दुसरा जुना गाभा मात्र ठेवावा, कारण नवा सुरू झाला नाही तर आरंभीच्या सूचीतून जुना निवडून संगणक उठविता येतो. मध्येच प्रणाली विचारते की अमुक मांडणीची फाइल आपण बदललेली आहे, ती ठेवू की नवी घेऊ? येथे घाईने उत्तर देणारे पुढे आठवडाभर शोधाशोध करतात. आणि या सर्वांच्या आधी, आपल्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या तबकडीवर घेऊन ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहिलेले असावे.

प्रत्येक शाळेने हे सारे एकट्याने करावे असेही नाही. केरळमध्ये शासनाची ‘काइट’ ही संस्था शाळांसाठी एकच संच जुळविते. २०१९ मध्ये तिने उबुंटू १८.०४ वर आधारलेला संच काढला, आणि कोणता मुद्रक चालतो, कोणता टंक दिसतो याची परीक्षा शाळाशाळांतून वेगवेगळी करण्याची गरज उरली नाही.

इतके करूनही एखादे जुने साधन हट्टाने अडून बसते. ग्रंथालयातील एखादा मुद्रक किंवा चित्रवाचक असा असतो की त्याचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीसाठी कोणी बांधलेला नाही आणि बांधणारही नाही. त्यासाठी सगळे संगणक जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवणे योग्य नव्हे. एक जुना संगणक तेवढ्याच कामासाठी जुन्या आवृत्तीवर ठेवावा, फायली पेन-ड्राइव्हने न्याव्या-आणाव्या, आणि त्याची इंटरनेटची तार मात्र काढून ठेवावी.